जानेवारीचा जेट

पहाटे साडेपाचला जळगाव सोडलं. बांभोरीच्या पुलावर गिरणेवरून येणारा वारा हाडात शिरत होता. गाडी १९९१ ची आरएक्स १००. मुलगा चालवत होता, मी मागे बसलो होतो. चोक बंद केला की इंजिन मरायचं, म्हणून पाळधीपर्यंत चोकवरच आणली. तापल्यावर स्लोला उभी राहू लागली, पण मूठ पाव ते अर्धी फिरवली की खोकायची आणि मूठ मिटली की सायलेन्सरमधून फटफट आवाज यायचा. पूर्ण पिळली की मात्र पळायची. एरंडोल, पारोळा, फागणे करत धुळ्याला पोचायला नऊ वाजले. मुलाच्या जॅकेटच्या खिशात पितळी जेटची पुडी होती. ऑनलाइन मागवलेले सहा मेन जेट, दोन स्लो जेट, एक सुई आणि एक स्प्रिंग.

देवपुरात माझ्या मेहुण्याचं गॅरेज आहे, १९८४ पासून. मुलाचे मोठे मामा. त्यांचा हात लागल्याशिवाय ही गाडी कधी उघडली गेली नाही. मुलगा मेकॅनिकलचा डिप्लोमा करून जळगावच्या एमआयडीसीत ठिबकच्या कारखान्यात कामाला आहे आणि सुटीच्या दिवशी मित्रांच्या गाड्या उघडतो. त्या दिवशी दोघांत जे बोलणं झालं ते मी जमेल तसं इथे उतरवतोय. खानदेशात हजारो जुन्या गाड्या आजही कार्बोरेटरवर चालतात, आणि त्यांच्यापुढचा प्रश्न हाच आहे.

मामांनी गाडीचा आवाज आत बसूनच ऐकला होता.

मामा : काय व्हयनं रे भाचा, गाडी खोकस का?

भाचा : खोकते ना. दिवाळीपासून. मामा, मी हिशेब करून आलोय. मेन जेट एक नंबर मोठा टाकायचा, सुई एक खाच वर घ्यायची, झालं.

मामा : कार्बोरेटर उघडलास?

भाचा : नाही, तुमच्याकडेच उघडू म्हटलं.

मामा : मग हिशेब कशाचा केलास? पेशंटला हात न लावता गोळ्या आणल्यास की. आणि मला सांग, पूर्ण मुठीला गाडी पळते ना? मेन जेट पूर्ण मुठीला काम करतो. जिथे दुखत नाही तिथे सुई कशाला टोचायची?

भाचा : पळते म्हणून ठीक आहे असं नाही, मामा. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल थोडं कमी पडलं की गाडी उलट जास्त मोकळी पळते. छान पळते, छान पळते आणि एकदम बसते. ती छान पळते याचीच मला भीती वाटते.

मामा काही बोलले नाहीत. चहा सांगितला आणि पाना घेतला. या गप्प बसण्याचं कारण मला तासाभराने कळलं.

कार्बोरेटर काढेपर्यंत मुलाने मला समजावून सांगितलं, कारण मला यातलं फार कळत नाही. माझा धंदा केळीचा. तो म्हणाला, "बाबा, जेट म्हणजे ड्रिपर. आपल्या बागेत लॅटरलला चार लिटरचा ड्रिपर लावला की तासाला चार लिटर पाणी पडतं, कारण भोक ठरलेलं आणि दाब ठरलेला. इथेही भोक ठरलेलं, पण दाब हवेने तयार होतो. इंजिन हवा ओढतं, गळ्यात हवेचा वेग वाढतो, दाब पडतो आणि खालच्या वाटीतलं पेट्रोल जेटमधून वर चढतं. हवा जड आहे की विरळ, पेट्रोलमध्ये काय मिसळलंय, हे त्या भोकाला कळत नाही. ते आपलं सोडत राहतं." मला हे पटकन कळलं. मूठ मिटलेली असते तेव्हा स्लो जेट आणि हवेचा स्क्रू काम करतात. पाव ते पाऊण मुठीपर्यंत सुई वर सरकते, तिचा निमुळता भाग भोकात जसा वर जाईल तसं पेट्रोल वाढतं. त्यापुढे मेन जेट. सुईच्या डोक्याला पाच खाचा असतात, त्यातल्या एकीत लॉक बसतं. लॉक खालच्या खाचेत घातलं की सुई वर उचलली जाते आणि पेट्रोल वाढतं. हे उलटसुलट प्रकरण लक्षात ठेवायला मला दोनदा विचारावं लागलं.

मामांनी वाटी उघडली. तळाशी पांढरी पूड बसलेली होती, केळीच्या पानावर औषधाचे डाग सुकतात तशी. त्यांनी ती बोटाने उचलून भाच्याच्या तळहातावर ठेवली.

मामा : हा तुझा हिशेब. ॲल्युमिनियम खाल्लं गेलंय. गाडी महिन्यातून दोनदा निघते, बाकी वेळ पेट्रोल वाटीत पडून राहतं आणि हवेतलं पाणी ओढतं. आता स्लो जेट बघ.

त्यांनी स्लो जेट उन्हाकडे धरला. मीही बघितलं. सुईच्या टोकाएवढं भोक, त्याच्या एका कडेला पांढरा खपला. प्रकाश गोल न दिसता चंद्रकोरीसारखा दिसत होता.

मामा : गाडी थंडीत उभी राहत नाही, पाव मुठीला खोकते, फटफट करते, याला पहिलं कारण हे. पोरं मेन जेट बदलायला निघतात आणि स्लो जेट बुजलेला असतो. माझ्याकडे दहा गाड्या ट्यूनिंगला आल्या तर निम्म्या नुसत्या साफ करून जातात.

भाचा : हे मान्य. पण साफ करताना क्लचच्या वायरीची तार घालू नका.

मामा : तुले कोनी सांगं की मी तार घालतो?

भाचा : सगळेच घालतात. पितळ मऊ असतं, तार पोलादी. भोक खरवडलं जातं. व्यास पाच टक्क्यांनी वाढला की क्षेत्रफळ दहा टक्क्यांनी वाढतं. जेटवर आकडा जुनाच राहतो आणि जेट भलताच होऊन बसतो.

मामांनी खणातून स्प्रेचा डबा काढला आणि लाल नळी भोकाला लावली. तार घालायची सवय आपण दहा वर्षांपूर्वीच सोडली, असं त्यांनी मला नंतर सांगितलं. भाच्यापुढे मात्र ते बोलले नाहीत.

गाडी परत बांधली, किक मारली. अर्धा खोकला गेला. स्लोला एकसारखी उभी राहिली. पण पांझरेच्या पुलापर्यंत एक चक्कर मारून मुलगा परत आला तो मान हलवत. तिसऱ्या गियरला पाव-अर्ध्या मुठीवर अजून ओढ लागत होती, आणि बारीक फटफट होतीच.

मामा : आता बोल.

भाचा : आता पेट्रोलचं बोलतो.

त्याने सॅकमधून मोजपट्टीची काचेची नळी काढली. शंभर मिलिलिटरची, कारखान्यातून साहेबांना विचारून आणलेली. टाकीतलं पेट्रोल पन्नास मिलिलिटर ओतलं, वर दहा मिलिलिटर पाणी. पाणी खाली बसलं, दहाच्या रेघेवर स्पष्ट सीमा दिसली. तोंडावर बोळा दाबून त्याने नळी चांगली हलवली आणि स्टुलावर ठेवली. आधी सगळं दुधासारखं झालं. मग हळूहळू वरचं वर, खालचं खाली. खालचा थर विसाच्या रेघेच्या जवळ येऊन थांबला.

मामा नळीजवळ वाकून बघत राहिले.

मामा : पन्नासात दहा.

भाचा : पाण्याने इथेनॉल ओढून घेतलं. वीस टक्के. मामा, ही गाडी आली तेव्हा पेट्रोलमध्ये इथेनॉल नव्हतंच. २००३ मध्ये पाच टक्क्यांपासून सुरुवात झाली, २०२२ च्या जूनमध्ये देशभराचं प्रमाण दहा टक्क्यांवर गेलं आणि २०२५ मध्ये वीस. निव्वळ पेट्रोल नीट जळायला एका किलोला १४.७ किलो हवा लागते. इथेनॉलला नऊच. म्हणजे वीस टक्के मिसळल्यावर साडेतेराच्या आसपास. तेवढ्याच हवेला आठ टक्के जास्त पेट्रोल लागतं, आणि जेट तर जुन्याच मापाने देतोय. गाडी आठ टक्के उपाशी आहे.

मामा : तू म्हणतोस तसं असेल तर मे महिन्यात का खोकली नाही? मे महिन्यात तुझ्या बापाने हीच गाडी भुसावळला नेली होती. याच पंपांचं पेट्रोल. काही तक्रार नव्हती.

हा प्रश्न माझ्या मनातही होता. मुलाने डायरी काढली.

भाचा : त्याचंच उत्तर आणलंय. कंपनीने गाडी पंचवीस अंशांच्या हवेला लावली असं समजू. आपल्याकडे मे महिन्यात पंचेचाळीस. तापलेली हवा फुगते, विरळ होते. त्याच भोकातून पेट्रोल मात्र हवेच्या प्रमाणात कमी होत नाही, म्हणून मिश्रणात पेट्रोल साधारण तीन टक्के जास्त होतं. जानेवारीच्या पहाटे धुळ्यात सहा अंश. हवा जड. मिश्रणात पेट्रोल तीन टक्के कमी. आता इथेनॉलचे आठ मिळवा. मे महिन्यात आठातून तीन गेले, पाच टक्के उपाशी. तेवढं इंजिन सहन करतं. जानेवारीत आठ अधिक तीन, अकरा टक्के. तिथे खोकतं. गाडी तीच, पेट्रोल तेच. बदलला तो महिना.

मामांनी डायरी हातात घेतली. चष्मा लावून ते आकडे दोनदा वाचले. मग त्यांनी बसायचं स्टूल ओढलं आणि बराच वेळ अंगठ्याने डायरीच्या कडेवरची पानं फिरवत बसले.

मामा : दाजी, तुम्हाला आठवतं का, ८८ साली ते मास्तर?

मला अंधुक आठवत होतं. मामांनी भाच्याला सांगितलं. आरएक्स १०० बाजारात येऊन तेव्हा तीनेक वर्षं झाली होती. १९८५ च्या नोव्हेंबरात आलेली, अठ्ठ्याण्णव सीसी, अकरा हॉर्सपॉवर. पोरं तिच्या पिकअपसाठी वेडी व्हायची, पण घेणारा नोकरदार असला की पहिला प्रश्न ॲव्हरेजचा. त्या वेळी धुळ्यात सर्रास लहान जेट टाकून द्यायचे आणि सुई खाली सोडायचे. मामांनीही एका शाळामास्तरांच्या गाडीला मे महिन्यात मेन जेट लहान टाकला आणि सुईचं लॉक वरच्या खाचेत घातलं. ॲव्हरेज वाढलं. मास्तरांनी पेढे आणले. सात महिने गाडीने एकदाही त्रास दिला नाही. डिसेंबरात, संध्याकाळी, मास्तर बायकोला घेऊन मालेगावकडे निघाले. लळिंगच्या चढावर पूर्ण मुठीत पिस्टन बसला, मागचं चाक जाम झालं. दोघं पडले. बाईंचा हात मोडला.

मामा : मी तेव्हा ऑइलला दोष दिला. मास्तरांनीही तेच मानलं. पण माझ्या मनाला ते कधी पटलं नाही. ऑइल पंप चालू होता, मी स्वतः तपासला होता. सात महिने जी गाडी उन्हाळ्यात, पावसात चालली ती थंडीत का बसावी? थंडीत तर इंजिन गार राहायला पाहिजे. इतकी वर्षं मला ते कळलं नव्हतं.

भाचा : मे महिन्याच्या हवेने तुमचा लहान जेट सांभाळून घेतला, मामा. डिसेंबरात हवा जड झाली आणि वर चढ. सांभाळणारं कोणी उरलं नाही.

मामा : हं. मेचा जेट होता तो.

यानंतरचं बोलणं मला सगळ्यात मोलाचं वाटतं, कारण मामा तिथे हरले नाहीत आणि मुलगाही जिंकला नाही. मामांनी कार्बोरेटर परत उघडला, स्लाइड वर ओढून सुई बाहेर काढली आणि ज्या पितळी नळीत ती सुई खालीवर होते ती नळी उन्हात धरली. तिचं तोंड गोल राहिलेलं नव्हतं. पस्तीस वर्षं सुई थरथरत एका बाजूला घासली होती. अंडाकृती झालं होतं.

मामा : तुझा हिशेब नवीन कार्बोरेटरचा आहे. हे बघ. इथून जादा पेट्रोल झिरपतंय. म्हणजे मधल्या मुठीला ही गाडी तुझ्या अकरा टक्क्यांएवढी उपाशी नाही. किती ते तुझ्या डायरीत नाही आणि माझ्याही डोक्यात नाही. आता यावर तू सुई एक खाच वर घेतलीस तर तू कशात काय मिळवलंस? झिजलेल्या मापात अंदाज मिळवलास.

भाचा : मग नळी आणि सुई नवीन टाकू. माझ्याकडे सुई आहे.

त्याने पुडीतली सुई दिली. मामांनी ती जुन्या सुईशेजारी पांढऱ्या कागदावर ठेवली. लांबी सारखी. पण निमुळतेपणा नव्या सुईला अलीकडे सुरू होत होता. नखाने चाचपलं तर मलाही तो उंचवटा कळला.

मामा : ही दुसऱ्या गाडीची सुई आहे, नाहीतर कोणाचीच नाही. पाव मुठीलाच पेट्रोल ढकलायला लागेल. जेट तरी नंबरचा असतो. सुईची जाडी, निमुळतेपणा, कुठे सुरू होतो, हे सगळं जुळावं लागतं. आणि तुझे ते सहा जेट. कुठल्या मापाचे?

भाचा : नंबर आहेत की त्यांच्यावर.

मामा : नंबर कोणाचे? मिकुनी कंपनीच्या षटकोनी मेन जेटवर पेट्रोल किती वाहतं त्याचा आकडा असतो. केहीनवर भोकाचा व्यास. एकाचा शंभर दुसऱ्याच्या शंभराला जुळत नाही. स्प्लेंडरचा केहीनचा हिशेब या मिकुनीला लावशील तर फसशील. आणि नकली जेटचं भोक कोणी मोजलंय?

मुलाने हे ऐकून घेतलं. मग तो म्हणाला की भोक मोजायला कारखान्यात पिन गेज आहेत, तो सहाही जेट मोजून आणील. मामांना ती गोष्ट आवडली. चेहऱ्यावर दिसली.

स्प्रिंगचा विषय पल्सरवरून निघाला. मुलाच्या मित्राची जुनी पल्सर आहे. तिच्यात स्लाइड मुठीने उचलली जात नाही. मूठ फक्त झडप उघडते, स्लाइड इंजिनच्या ओढीने रबरी डायफ्रामवर चढते आणि वरची स्प्रिंग तिला किती वेगाने चढू द्यायचं ते ठरवते. अमेरिकेतल्या डायनोजेटसारख्या कंपन्यांच्या किटमध्ये जेट, सुई आणि अशी स्प्रिंग एकत्र येते. स्लाइडचं भोक वाढवायला ड्रिलही देतात. आपल्याकडची पोरं किटचे पैसे वाचवतात आणि असलेल्या स्प्रिंगचे दोन वेढे कापतात. मित्रानेही कापले होते. पल्सरमधल्या सुईला खाचाच नाहीत, म्हणून खाली वॉशर घातला. वर एअर फिल्टर उघडा. मुलगा ते काम चुकलं असं मानत नव्हता.

भाचा : पिकअप खरंच वाढला, मामा.

मामा : पहिल्या फटक्याला वाढणारच, सुरुवातीचा दाब कमी झाला ना. पण स्प्रिंग कापली की ती नरम होत नाही, प्रत्येक मिलिमीटरला उलट कडक होते. वर जाऊन अडते. सुरुवातीला उडी, मध्ये खड्डा. त्याला विचार, साठच्या पुढे ओव्हरटेक करताना गाडी एक क्षण थांबते का.

भाचा : थांबते.

मामा : फागण्याजवळ ट्रकच्या बाजूला असताना थांबली तर? स्प्रिंगला स्प्रिंगच टाकावी. आणि उघडा फिल्टर तर आपल्या भागात घालूच नये. कापसाची धूळ, मक्याचा भुसा, रस्त्याची माती सगळी आत जाते. जेट बिघडला तर आठ दिवसांत बदलता येतो, पण बोअर घासला की घासला.

इथे मी मामांच्या पूर्ण बाजूने आहे. एप्रिलमध्ये आमच्याकडे जो वारा सुटतो त्याने केळीची पानं फाटून दोऱ्या होतात. तो वारा गाळल्याशिवाय इंजिनात जाऊ देणं मला पटत नाही.

दुपारी वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी झाली, आणि जेवताना खरा मतभेद बाहेर आला. मुलाचं म्हणणं असं की आता बहुतेक पंपांवर दुसरं पेट्रोल मिळत नाही, तर प्रत्येक कार्बोरेटरवाल्या गाडीचा जेट बदलायला पाहिजे. गावोगावच्या मिस्तरींनी ते शिकून घ्यायला पाहिजे. १ एप्रिल २०२० नंतरच्या बहुतेक गाड्यांना इंजेक्शन आहे, सेन्सर धूर तपासतो आणि पेट्रोल आपोआप वाढवतो. जुन्या गाड्यांचा सेन्सर म्हणजे मिस्तरी, आणि तोच गप्प बसला तर कसं चालेल?

मामा : माझ्याकडे रोज सकाळी कॅन लावून दूधवाले येतात. स्प्लेंडर, सीडी हंड्रेड. चाळीस-पन्नासच्या वर कोणी जात नाही. त्यांची मूठ पावाच्या पुढे उघडत नाही. त्यांना मेन जेटचं काय?

भाचा : त्यांचं ॲव्हरेज पडलंय ते? सरकारच्याच २०२१ च्या आराखड्यात लिहिलंय, दहा टक्क्यांना लावलेल्या दुचाकीचं वीस टक्क्यांवर तीन-चार टक्के ॲव्हरेज कमी होणार.

मामा : ते इथेनॉलमध्ये ताकदच कमी म्हणून. मोठा जेट टाकून ते परत येणार आहे का? उलट आणखी जाईल. मी दूधवाल्याला काय सांगू, भाऊ, तुझ्या गाडीची तब्येत सुधारली, आता रोज वीस रुपये जास्त टाक? त्याची फोर-स्ट्रोक आहे, लगेच बसणार नाही. त्याचा स्लो जेट मी साफ करीन, मिक्श्चर स्क्रू पाव फेरा फिरवीन, रबरं बदलीन. ओ-रिंग फुगतात या पेट्रोलने, त्या बदलीन. जेटला हात लावणार नाही.

भाचा : स्क्रू फिरवताना तरी सगळ्यांना सांगा, मामा. फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा, बाहेर काढला की पेट्रोल कमी. इंजिनच्या बाजूला असेल तर पेट्रोलचा, बाहेर काढला की जास्त. निम्मे जण उलटा फिरवतात.

मामा : सांगतो ते. आणि पीयूसीवाल्याकडे जाऊन आकडा बघायला सांगतो. कार्बन मोनॉक्साइडचा आकडा म्हणजे स्लोच्या मिश्रणाची पावतीच. दोन हजार सालाआधीच्या दुचाकीला साडेचार टक्क्यांची मुभा आहे म्हणून साडेचार गाठायचं नसतं. पण तिथे गाडी स्लोवर तपासतात. तुझा मेन जेट केवढा आहे ते त्या यंत्राला दिसत नाही.

भाचा : म्हणूनच म्हणतो, बघायला प्लगच लागतो.

यावर दोघांचं एकमत होतं. कुठल्या गाडीला काय करावं यावर झालं नाही, आणि मला वाटतं व्हायचंही नव्हतं. मामांच्या डोळ्यापुढे दूधवाला होता, मुलाच्या डोळ्यापुढे लळिंगचा चढ. आमच्या गाडीपुरतं मात्र मामा म्हणाले, "टू-स्ट्रोक आहे, हायवेवर जाते, दोघं बसतात. पेट्रोल जास्त झालं तर प्लग काळा होईल, फार तर धक्का मारावा लागेल. कमी पडलं तर हाडं मोडतील. हिला मी उपाशी ठेवणार नाही." आणि त्यांनी आतल्या कपाटातून, पुठ्ठ्याच्या खोक्यातून, मूळ मिकुनीची सुई आणि नळीचा सेट काढला. किती वर्षांपासून जपून ठेवला होता कोण जाणे.

सेट घातला. झिजलेली नळी गेल्यामुळे मधला भाग आणखी उपाशी होणार, म्हणून सुईचं लॉक मधल्या खाचेतून एक खाच खाली. स्लो जेट तोच, साफ केलेला. हवेचा स्क्रू अर्धा फेरा आत. वाटीतल्या तरंगत्या फ्लोटची उंची पट्टीने मोजली. मेन जेट मूळचाच. मुलगा एका वेळी दोन गोष्टी बदलल्या म्हणून कुरकुरला, कारण मग कशाने काय झालं ते कळत नाही. मामांनी ते मानलं आणि मेन जेटचा निर्णय रस्त्यावर सोपवला.

साक्री रोडला आम्ही तिघं गेलो. नवीन प्लग लावला. मुलाने चौथ्या गियरला पूर्ण मूठ धरून दोनेक किलोमीटर नेली, आणि मग एकाच वेळी क्लच दाबून चावी बंद केली, तशीच घरंगळत बाजूला घेतली. स्लोवर आणली असती तर स्लोचा रंग चढला असता. मामांनी फडक्यात धरून प्लग काढला. चिनी मातीचा भाग जवळजवळ पांढरा होता. आत, अगदी मुळाशी, बारीक फिकट कडं.

मामा : ऱ्हाऊ दे. टाक तुझा मोठा जेट.

भाचा : माझा नकली आहे म्हणालात.

मामा : माझ्याकडे आहे. पण हा काचेच्या नळीवरचा हिशेब माझ्याकडे नव्हता.

त्यांनी एक नंबर मोठा मूळ जेट बसवला. दुसऱ्या फेरीत प्लगच्या मुळाशी भाजक्या बिस्किटाचा रंग आला. मधल्या मुठीचा खोकला गेला होता. बंद करताना एक-दोनदा फट झालं, तेवढं मामांनी थंडीला माफ केलं. जुना मेन जेट त्यांनी तपकिरीच्या रिकाम्या डबीत घातला, झाकणावर खिळ्याने "मे" असं कोरलं आणि डबी माझ्या हातात दिली. मुलाने डायरीत तारीख, सकाळचं तापमान, खाच आणि जेटचा नंबर लिहिला. मामांनी डायरी मागून घेतली आणि स्वतःच्या अक्षरात त्याखाली मास्तरांच्या गाडीची नोंद केली. साल, मे, डिसेंबर, लळिंग. एवढंच.

परत निघालो तेव्हा साडेचार झाले होते. ऊन पाठीमागून येत होतं. पारोळ्याच्या पुढे मुलाने गाडी थांबवली, चटका सोसत प्लग काढला आणि फोटो काढून मामांना पाठवला. मिनिटभरात फोन आला. मला बाजूला उभं राहून ऐकू आलं.

"फोटोत सगळेच प्लग बदामी दिसतात रे. फडक्यात गुंडाळून ठेव. रविवारी घेऊन ये."